ती बैठकीला येत नाही, म्हणून ती वैरीण झाली का?

पत्राचा सारांश

धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून या ताईंचं पत्र आलं आहे. वय चाळिशीच्या आत. दहा जणींच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गटानं बँकेचं कर्ज काढून मिनी डाळ मिल घेतली, दोन वर्षं धंदा बरा चालला. 2025च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, शेडात गुडघाभर पाणी शिरलं आणि दिवाळीच्या विक्रीसाठी घेऊन ठेवलेली पंधरा क्विंटल तूर भिजली. लाखभर रुपयांचा माल गेला. त्यानंतर दोघींनी गट सोडला. गटाची कोषाध्यक्ष ही ताईंची जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. ती दीड महिन्यापासून बैठकीला येत नाही. "अध्यक्षानं घाई केली म्हणून नुकसान झालं," असं ती म्हणते, हे ताईंना तिसरीकडून कळलं. दरवर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ती ताईंच्या रानात जेवायला यायची. यंदा आली नाही.

ताई लिहितात: "मालक म्हणतात, जग असंच असतंय, कुणावर विश्वास टाकू नको. बहीण पुण्याहून फोन करते, म्हणते पॉझिटिव्ह राहा, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. रोज सकाळी तिचे तसलेच मेसेज येतात. मला दोन्ही पटत नाही. माझ्या हाताला यशच नाही असं वाटतं. रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. लोकांबद्दल चांगला विचार करायचा तर कसा करायचा? आणि का करायचा? बाकीच्या जणी म्हणतात तसं तिला कोषाध्यक्षपदावरून काढून टाकू का?"

उत्तर

ताई,

तुमची तूर भिजली, त्यात काहीही चांगलं झालेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र वाचून वाटलं की एवढं साधं वाक्य तुम्हाला अजून कुणी म्हटलेलं नाही. भिजलेलं पोतं दोन दिवसांनी वरून कोरडं दिसतं. आत कोपरापर्यंत हात घातला की तूर गरम लागते, चिकट लागते, आणि तो कुबट वास हात कितीही धुतला तरी जात नाही. असा माल दहा जणींनी डोक्यावरून वाहून उकिरड्यावर नेऊन टाकला, त्या दिवशी रडू यायलाच हवं होतं. तुमची बहीण काळजीपोटीच फोन करते, यात शंका नाही. पण दुःखाला चार दिवस घरात बसूही न देता लगेच त्यातलं चांगलं शोधायला लावलं, की माणसाला वर आणखी अपराधी वाटायला लागतं: बघा, मला साधं पॉझिटिव्हसुद्धा राहता येत नाही. तेवढं ओझं तरी आधी उतरवून ठेवा.

आता तुमच्या मालकांचं म्हणणं. तेही मायेपोटीच बोलतात. आडत, सोसायटी, भावकी यांच्यात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला फसवणूक नवी नसते. पण हे दोन सल्ले जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. एक म्हणतो, होतं ते चांगलंच होतं. दुसरा म्हणतो, माणसं सगळी तसलीच असतात. वरवर उलटे आहेत, तरी दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: कुठलाही ऐकला तरी मैत्रिणीच्या घरी जाऊन विचारावं लागत नाही. उत्तर आधीच ठरून गेलेलं असतं.

लोकांबद्दल चांगला विचार कसा करायचा, असं तुम्ही विचारलंय. सगळे चांगलेच आहेत असं मानून चाला, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. विचारल्याशिवाय कुणाला वाईट ठरवायचं नाही, एवढंच मी मागते आहे. ऐकायला हे सोपं वाटतं. पण आपलं नुकसान झालेलं असताना, अपमान झालेला असताना, करायला हे फार जड जातं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातली मैत्रिणीबद्दलची वाक्यं मी वेगवेगळी करून पाहिली. काही वाक्यं तुम्ही पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टींची आहेत: ती बैठकीला येत नाही, येळवशीला आली नाही, ती असं असं म्हणते असं अमकीनं सांगितलं. बस, एवढीच. बाकीची वाक्यं अशी आहेत: "तिला पहिल्यापासूनच माझं अध्यक्ष होणं खुपत होतं." "त्या दोघींना तिनंच फोडलं असणार." "मला एकटं पाडायचंय तिला." ताई, ही रात्री दोननंतरची वाक्यं आहेत. खोटीच आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यातलं एकही तुम्ही अजून कुणाला विचारून खात्री केलेलं नाही.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या मिळून झालेल्या संघाच्या, मागच्या दोन बैठकांना तुम्हीही गेला नाहीत. कारण तुम्हीच दिलंय: "तुरीचं विचारतील, काय तोंड दाखवू." मला तुमच्या पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ हीच वाटली. ग्रामसंघात त्या दिवशी बसलेल्या एखादीनं तुमच्या रिकाम्या जागेकडे बघून काय म्हटलं असेल? "नुकसान झालं की आता फिरकत नाहीत अध्यक्षबाई." तिला तुमची लाज दिसली नाही, तिला फक्त तुमची गैरहजेरी दिसली. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण लावताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त धरतो आणि त्याच्या परिस्थितीला कमी, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये मांडलं. आपली स्वतःची अडचण आपल्याला आतून माहीत असते, म्हणून स्वतःला आपण समजून घेतो. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते दिसत नाही, म्हणून त्याचा स्वभावच वाकडा ठरतो.

तिच्या घरात काय चाललं असू शकेल, याचा विचार माझ्यापेक्षा तुम्ही चांगला करू शकाल, गाव तुमचं आहे. पाण्यानं तिचंही रान खरवडून गेलं असेल. घरात ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतली गेली असेल आणि कोयता घेऊन जायची वेळ आली हे सांगायची तिला चोरी वाटत असेल. तिनं गटातून घेतलेल्या अंतर्गत कर्जाचा हप्ता थकला असेल. कोषाध्यक्षाचाच हप्ता थकलाय हे रजिस्टरमधून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं म्हणजे काय असतं, ते गट चालवणारीलाच कळेल. आणि हेही असू शकतं की ती खरोखर तुमच्यावर रागावली आहे. यातलं एक कारण धरून बसा असं नाही. चार कारणं शक्य आहेत हे एकदा मनाला पटलं, की पाचवं, म्हणजे "तिला मला एकटं पाडायचंय", आपोआप एकमेव राहत नाही. एवढं झालं तरी तिच्या दारात जायला पाय उचलतात.

आता जरा कठीण गोष्ट बोलते, रागावू नका. "अध्यक्षानं घाई केली" हे तिनं म्हटलं असेल, तर तो विश्वासघात आहे का? तुम्हीच लिहिलंय की खरेदीच्या वेळी दोघी-तिघी म्हणत होत्या, पावसाळा संपू द्या, मग माल भरू. तुम्हाला भाव वाढायची भीती होती, म्हणून तुम्ही घेतली. त्या वेळी तुमच्याजवळ जी माहिती होती, तिच्यावरून तो निर्णय वेडेपणाचा नव्हता. पण न पटणाऱ्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, हे आता दिसतंय. एखादी बाई आपल्या निर्णयाला चूक म्हणते आणि तरी आपली मैत्रीण असते, याला आपल्याकडे फार कमी जागा ठेवली जाते. एक तर ती बाजूची, नाही तर विरोधातली. तिनं हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, मागं नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण तोंडावर म्हणायची सोय गटात होती का, हेही बघावं लागेल. त्याबद्दल पुढे सांगते.

"का करायचा" या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. ज्या गटात एकमेकींबद्दल वाईटच धरलं जातं, तिथं पहिल्यांदा खरं बोलणं बंद होतं. हप्ता भरता येत नसेल तर ती बाई सांगत नाही, यायचंच बंद करते. हिशोबात शंभर रुपयांची चूक झाली तर ती लपवते, आणि शंभराचे पुढच्या महिन्यात पाचशे होतात. पैसे बुडायच्या कितीतरी आधी माहिती बुडालेली असते. मनाच्या शांतीसाठी लोकांबद्दल चांगला विचार करा, असं बरेच जण सांगतात. तेही खरं असेल. मी मात्र तुम्हाला गट चालवणारी बाई म्हणून सांगते आहे. माणसं तुमच्यापाशी वेळेवर खरं बोलायला हवी असतील, तर ही बाई आधी ऐकून घेईल, मग ठरवेल, अशी खात्री त्यांना तुमच्याबद्दल वाटली पाहिजे.

आता नुकसानीबद्दल. "माझ्या हाताला यशच नाही" असं तुम्ही लिहिलंय. अपयश आल्यावर माणूस स्वतःला त्याचं कारण काय सांगतो, यावर मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलं. खचून जाणाऱ्यांच्या कारणांत तीन गोष्टी वारंवार सापडतात: हे आता कायमचंच आहे, हे माझ्या सगळ्याच बाबतीत आहे, आणि हे माझ्यामुळेच आहे. तुमच्या चार शब्दांच्या वाक्यात तिन्ही आहेत. म्हणून ते इतकं जड वाटतं, आणि म्हणूनच त्यावर करण्यासारखं काही सुचत नाही. हाताला यश नसेल तर दुरुस्ती कशाची करायची?

कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात पावसाचा वाटा. गेल्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना पात्र सोडून वाहत होत्या. परंडा-भूमकडे माणसं जीव वाचवायला पत्र्यांवर चढून बसली, बोटी आणि हेलिकॉप्टरनं काढावी लागली. तो पाऊस तुमच्या हातात नव्हता, त्यानं कितीतरी अनुभवी माणसांचं धान्य नेलं. दुसऱ्या रकान्यात निर्णयाचा वाटा: सगळा माल एकाच शेडात, पोती थेट फरशीवर, मालाचा विमा नाही. तिसऱ्यात इतरांचा वाटा, असेल तो. हे लिहून झालं की तुमचं वाक्य बदलेल: "सप्टेंबर 2025 मध्ये आमची तूर भिजली. शेडचा ओटा सखल आहे आणि पोत्यांखाली फळ्या नव्हत्या." हेही दुःखाचंच वाक्य आहे, यात गोडवा काही नाही. पण ओटा उंच करता येतो, फळ्या आणता येतात. पुढची तूर पोत्यात भरण्याआधी नीट वाळवून ठेवता येते. कडधान्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या आत असला तर ते टिकतं, आणि ओलावा मोजायचं यंत्र बाजार समितीत असतं.

दीर म्हणतात, राहिलेली भिजकी तूर वाळवून चांगल्यात मिसळून भरडून टाका, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अजिबात करू नका. बुरशी लागलेल्या धान्यातलं विष उन्हानं किंवा भरडण्यानं जात नाही. जनावरांनाही घालू नका.

बहिणीच्या मेसेजकडे परत येते, कारण "सगळं चांगलं होईल" हे तिचं म्हणणं मला सरसकट खोडायचं नाही. आशा लागतेच. फरक आहे तो आशेच्या जातीत. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या महिलांचा एक अभ्यास गॅब्रिएल एटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा ज्यांचा अंदाज होता, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण आपण बारीक झालोच आहोत अशी गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं मात्र कमी उतरलं. चित्र रंगवताना मनाला मिळाल्यासारखं वाटतं आणि हात सैल पडतात. म्हणून "सगळं छान होईल" यापाशी थांबू नका. "छान व्हायला आडवं काय येतंय, आणि ते आलं की मी काय करीन" हे त्याला जोडलं, तर बहिणीचा मेसेजही उपयोगाचा होईल.

तुमच्या जिल्ह्यातल्या बायकांना हे कुणी परदेशातून शिकवायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा मोठा सरकारी कार्यक्रम झाला, त्यात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या सोबत होती. कधी उंबऱ्याबाहेर चारचौघांत न बोललेल्या बायकांनी अनुदान कसं घ्यायचं, भिंत भूकंपाला टिकेल अशी कशी बांधायची, हे घरोघर जाऊन सांगितलं. त्यांना कुणी "झालं ते चांगल्यासाठीच झालं" म्हटलं असतं तर ते ऐकवलं नसतं. त्यांच्या आशेचं काम भिंतीपाशी उभं राहून चालत होतं. त्या बायका आज साठीच्या पुढं-मागं असतील. उमरगा-लोहाऱ्याकडे तुमचं नातंगोतं असेल तर अशा एखादीला गाठून तासभर बसा. माझ्या उत्तरापेक्षा त्याचा तुम्हाला अधिक उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

मालकांचं सावधपण टाकून देऊ नका. ते माणसांवर लावण्याऐवजी पैशावर लावा. तुमच्या गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. रजिस्टर चोख असलं की माणसाबद्दल मन मोकळं ठेवणं परवडतं. ते नसलं की प्रत्येक गैरहजेरीचा संशय येतो. त्यात तीन गोष्टींची भर घाला. ठरावीक रकमेच्या वरची खरेदी बैठकीत ठराव झाल्याशिवाय नाही, ती रक्कम सगळ्यांनी मिळून ठरवायची. महिन्यातून एकदा पासबुक सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, मग कोषाध्यक्ष कुणीही असो. आणि तिसरी, जी मला सर्वात मोलाची वाटते: खरेदीला जिचा विरोध असेल तिचं नाव आणि कारण ठरावात लिहायचं, आणि लिहिल्यावर तिला वाचून दाखवायचं. तुमच्या मैत्रिणीचं "घाई करू नका" ऑगस्टच्या इतिवृत्तात लिहिलेलं असतं, तर ते डिसेंबरात गल्लीत बोललं गेलं नसतं.

आता तिच्याकडे जाण्याबद्दल. जाच. संक्रांत जवळ आली आहे, रथसप्तमीपर्यंत एकमेकींच्या घरी जायला निमित्त लागत नाही. पण हळदीकुंकवाला बोलावून तिथं विषय काढू नका. वीस बायकांसमोर ती एक तर गप्प बसेल, नाही तर भांडेल. दुपारची भांडी आवरल्यावर, घरातली पुरुषमाणसं रानात असताना, एकट्याच जा. रजिस्टर नेऊ नका. सीआरपी ताईंना, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीलाही, नेऊ नका. फोनवर तर नकोच.

"लोक म्हणतात तू असं असं बोललीस" यानं सुरुवात केली, तर पुढचा तासभर कोण म्हणालं आणि कुणाला म्हणालं यातच जाईल. तुमच्या मनात आहे तेच साधेपणानं सांगा: "तू येत नाहीस तर मला करमत नाही. यंदा येळवशीला तुझ्याविना भज्जी गोड लागली नाही. काय झालंय?" आणि मग थांबा. ती गप्प बसली तर लगेच भरून काढायला बोलू नका. तरी काही निघालं नाही, तर तुमच्या वाट्याचं तुम्ही बोला: "तूर घ्यायची घाई मी केली, असं मलाही वाटतं. तुला काय वाटतं?" तिच्या मनात जे आहे ते तोंडावर म्हणायची ही वाट तुम्हीच करून दिली पाहिजे. कारण तुम्ही अध्यक्ष आहात. तुमच्या चुकीबद्दल बोलणं तिला अवघड आहे, तुम्हाला सोपं.

ती रागानं बोलली तर ऐकून घ्या. पावसाचा हिशोब पहिल्याच दिवशी मांडू नका, तो चार दिवसांनीही मांडता येईल. तिनं दार धड उघडलंच नाही, तर बैठकीचा वार आणि वेळ सांगून परत या. तुमच्या बाजूनं करायचं ते झालं. तिनं खरोखरच तुम्हाला एकटं पाडायचा घाट घातला होता असं निघालं, तर वाईट वाटेल, वाटू द्या. पण ते या एका बाईपुरतं, या एका प्रकरणापुरतं ठेवा. "बाया असल्याच असतात" इथपर्यंत नेऊ नका, कारण उरलेल्या सहा जणीही बायाच आहेत आणि त्या दर आठवड्याला तुमच्यासोबत सतरंजीवर येऊन बसतायत.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. हिशोबात रोख रक्कम जुळत नसेल, तर तो समजून घेण्याचा विषय राहत नाही. तिथं मैत्री मध्ये आणू नका आणि गावभर बोभाटाही करू नका. पासबुक, रोखवही आणि पावत्या घेऊन ग्रामसंघाच्या पदाधिकाऱ्यांना आणि उमेद या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या प्रभाग समन्वयकांना लेखी कळवा, त्यांच्यासमोर ताळा करा. तिच्यावर खोटा आळ असेल तर तोही त्यातूनच दूर होईल.

गट सोडून गेलेल्या दोघींच्या मागं लागू नका. त्यांची बचत आणि देणं नियमाप्रमाणे मिटवा, पावती द्या, भेटल्या की बोला.

बँकेत मात्र आठवडा न लावता जा. हप्ता थकण्याआधी जाणं आणि थकल्यावर जाणं यात फार फरक पडतो. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागातल्या कर्जदारांना हप्त्यांची फेररचना करून देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. पंचनाम्याची प्रत, भिजलेल्या मालाचे फोटो, खरेदीच्या पावत्या आणि गटाचा ठराव जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या अर्जावर सही करायला कोषाध्यक्ष लागेलच. म्हणजे तिच्याकडे जायला तेही एक कारण झालं, पण ते दुसऱ्या भेटीत काढा.

झोपेचं हलक्यात घेऊ नका. रात्री दोनला जाग आली की अंथरुणात पडून वाद घालत बसू नका. उठा, दिवा लावा, मनात येतं ते वहीत लिहा आणि सकाळी चहाच्या वेळी वाचा. दिवसाउजेडी त्यातली निम्मी वाक्यं तुम्हालाच खोडाविशी वाटतील. तरीही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटायला लागलं असेल, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार तज्ज्ञांना दाखवता येतं. अंग दुखल्यावर दवाखान्यात जातो, तसंच हेही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तिला पदावरून काढायचा विषय तुमची भेट होईपर्यंत बैठकीत येऊ देऊ नका. बाकीच्या जणी जोर करतील; त्यांना सांगा, मी तिला भेटणार आहे, तोवर थांबा. भेटीनंतर तिला यायचं असेल तर ती सगळ्यांसमोर सांगेल, हप्ता थकला असेल तर तो कसा भरायचा हेही सगळ्यांसमोर ठरेल. तिला पद नको असेल, किंवा कारखान्याला जावं लागणार असेल, तर बैठकीत ठराव करून दुसरीला नेमा. पासबुक, चेकबुक, शिक्का आणि शिल्लक रोख काय दिली-घेतली याची यादी करून दोघींच्या सह्या घ्या, बँकेत सही बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. सदस्य म्हणून तिचं नाव मात्र रजिस्टरमध्ये राहू द्या. ते काढायचं की नाही हे तिनं सांगायचं आहे.